सैल माप

ब्रह्मपुरीच्या आसपास बारा-पंधरा गावांत देवाजी कासाराच्या हाताचं नाव होतं. बाई हात पुढे करी. देवाजी तिच्या माहेरच्या धानाची चौकशी करत तो हातात घेई, अंगठ्याचं मूळ दाबून पंजा गोळा करी, आणि बांगडी कधी चढली ते तिला कळतच नसे. माप असं नेमकं की चढलेली बांगडी माघारी येत नसे. ती वाढवायचीच, म्हणजे फोडूनच काढायची. 'फोडली' हा शब्द मात्र कासाराच्या दारात कोणी काढत नसे.

देवाजी आणि अन्नपूर्णाच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं. चैत्रात अन्नपूर्णाचा चुलतभाऊ लटारू आपल्या सात वर्षांच्या मुलीला, कमळाला घेऊन आला. लटारू घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला होता. बायको वारल्यावर त्यानं पोरीला पोंभुर्ण्याकडे सासरच्या नात्यात ठेवलं होतं. दोन वर्षांनी त्या लोकांनी निरोप धाडला, पोर आवरत नाही.

"ठेवून पाहा बाई," लटारू अन्नपूर्णाला म्हणाला. "मी मंडईले येतो. नाई जमलं तर तिकडंच नेऊन देतो. दुसरं कोण हाय मले?"

तो गेला. कमळा दारात उभी राहिली. अन्नपूर्णानं हात पुढे केला तशी ती अंगणातल्या रेंगीखाली शिरली. ही छोटी बैलगाडी घेऊन देवाजी बाजार करी. त्या दिवसापासून कमळा तिच्याखालीच झोपू लागली. घरात ये म्हटलं की दात विचकी. देवाजी रोज संध्याकाळी रेंगीच्या चाकांना दगड लावू लागला. झोपेत चाक सरकलं तर?

ती भिंतीकडे तोंड करून जेवे. वेणी घालू देत नसे. हाक मारली तर येत नसे, आणि हाक नाही मारली की दुरून बघत बसे. अन्नपूर्णाला वाटे, पोर आपल्यावर रागावली आहे. मग वाटे, पोरीला आपण दिसतच नाही. दोन्ही खरं कसं असेल, हे तिला समजेना.

कमळाच्या दोन्ही मनगटांवर काळसर वळ होते. देवाजीनं ते कासाराच्या नजरेनं पाहिले.

"कोणा अडाण्यानं लहान मापाच्या बांगड्या कोंबल्या," तो बायकोला म्हणाला, "अन ओढून काढल्या. म्हून भेते पोर."

निदान एवढं तरी आपल्याला कळलं, याचं त्याला बरं वाटलं.

बाजारात बाया टोमणे मारत. "देवाजीभाऊ, कासाराची पोर अन हात भुंडे? पयले घरी भरा, मंग आमच्याकडं या."

देवाजी हसे. घरी आल्यावर जेवण जात नसे.

श्रावणात थोडं बदललं. देवाजी पडवीत बांगड्यांचे रंग निवडत बसे, तेव्हा कमळा दीड हात अंतरावर येऊन बसू लागली. हिरव्या हिरव्यांत, लाल लालांत. दोऱ्यात ओवताना तिची एकही चुकत नसे. देवाजी मुद्दाम एखादी चुकीची टाके. ती निवडून बाजूला ठेवी आणि त्याच्याकडे बघे. एकदा ती हसल्यासारखी वाटली. त्यानं अन्नपूर्णाला सांगितलं. तिला खरं वाटलं नाही.

भादव्यातल्या एका दुपारी उकाडा होता. ओवता ओवता कमळा पडवीतच झोपली. डोक्यावर छत असताना ती पहिल्यांदाच झोपली होती. देवाजी तिच्या हातांकडे बघत राहिला. माप घ्यायची गरज नव्हती, ते त्याच्या डोळ्यांत होतं. झोपलेल्या माणसाचा हात सैल असतो. सैल हातात बांगडी दुखत नाही. त्यानं हिरव्या बांगड्या घेतल्या. सहा या हातात, सहा त्या हातात. काच काचेला लागली नाही. आयुष्यात त्यानं इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

त्यानं अन्नपूर्णाला खुणेनं बोलावलं. तिनं पदर तोंडाला लावला. दोघं भिंतीला टेकून बसली. पोर जागी होईल, हात बघेल.

कमळा जागी झाली. तिनं हात बघितले. ती ओरडली नाही. आधी तिनं बांगड्या ओढल्या. त्या येईनात, माप देवाजीचं होतं. मग ती जात्याजवळ गेली आणि दोन्ही मनगटं दगडावर आपटू लागली. एकही उरली नाही तोवर आपटत राहिली. रक्त आलं. देवाजी उठला तशी ती उभ्या उभ्या मुतली. तो तिथंच थांबला. ती रेंगीखाली गेली.

दोन दिवस अन्नपूर्णानं ठेवलेलं ताट तसंच परत आलं. तिसऱ्या दिवशी रिकामं आलं.

"झोपेत काऊन भरल्या तुमी?" अन्नपूर्णा म्हणाली.

"दुखू नये म्हून."



त्यानंतर देवाजीचा हात बिघडला. बायांच्या हातावर बांगड्या वाढू लागल्या. सुगंधाबाई नावाची शेजारीण भरायला आली, तेव्हा एकापाठोपाठ तीन गेल्या.

"भाऊ, हाताले का झालं तुमच्या?"

देवाजीनं झालेलं सांगितलं. सुगंधाबाईचं माहेर पोंभुर्ण्याकडचं, कमळा राहिली त्याच गावचं.

"तुमाले सांगतलं नाई का कोणी? वावरात जाताना पोरीले गोठ्यात बांधत होते. दाव्यानं. दोनी हात. जागी असली का चावे, म्हून झोपेत बांधत."

देवाजीनं हातातली बांगडी खाली ठेवली. मग उचलली. पुन्हा ठेवली.

त्याचं डोकं चालेना. दावं जनावराचं असतं. बांगडी सवाष्णीची असते. दोन्ही एक कशी? पण ती झोपली होती, आणि जागी झाल्यावर हात सुटत नव्हते. तो विचार करी आणि पुन्हा पहिल्याच जागी येई.

"लटारू आला का देऊन टाकू," तो अन्नपूर्णाला म्हणाला. "माया हातानं नाई जमत."

"कुठी देता? त्याच खुंट्याले?"

"मी का वेगळा निघालो?"

अन्नपूर्णा तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली. खडा नव्हता तरी.

दिवाळी झाली आणि गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, भरली. देवाजीनं अन्नपूर्णाला बरोबर घेऊन पालात दुकान मांडलं. कमळा मागच्या बाजूला माळा ओवत बसली. घरी एकटी राहायला ती तयार नव्हती, आणि जवळ यायलाही नव्हती. दुपारी लटारू आला. त्याच महिन्यात जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता.

"भाऊजी, आपण मुंबईत गेलो म्हणते."

"असन. मले तर कोणी हलवलं नाई."

लटारू हसला. मग त्यानं कमळाकडे पाहिलं. कमळानं मान वर केली नाही.

"मंग? नेऊ का हिले?"

देवाजी उत्तर देणार, तेवढ्यात एक बाई तिच्या चार-पाच वर्षांच्या पोरीला घेऊन पुढे बसली. पोर हात मागे घेत होती. आईनं तिचं कोपर आवळलं. देवाजीनं पंजा धरला.

"धरून ठेवा बाई. आत्ता होते."

पोर रडू लागली.

"सोडा," मागून आवाज आला.

देवाजीनं वळून पाहिलं. सात महिन्यांत कमळा त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. त्यानं हात सोडला.

"धरा ना भाऊ, काय पोरीचं आयकता," ती बाई म्हणाली.

कमळानं मोठ्या बायांच्या मापाची एक बांगडी माळेतून काढली. चटईवर त्या पोरीपुढे ठेवली आणि मागे सरकली. पोरीनं डोळे पुसले. बांगडी स्वतःच हातात घातली. हात हलवला, बांगडी पडली. पुन्हा घातली, पुन्हा पाडली. रडणं राहिलं बाजूला.

"हे काय माप हाय?" आई म्हणाली. "गयून पडन घरी जायपर्यंत."

"पडू द्या," देवाजी म्हणाला. अशी बांगडी त्यानं जन्मात विकली नव्हती.

कमळानं त्याच माळेतली दुसरी बांगडी काढली. सगळ्यांकडे पाठ केली. बांगडी घातली. काढली. घातली. काढली. मनगटावर जात्याच्या खुणा अजून होत्या.

लटारू बघत राहिला. "काय करून राह्यली ते?"

"मले नाई समजत," देवाजी म्हणाला.

"मंग नेऊ का ठेवू, ते सांगा."

देवाजीनं अन्नपूर्णाकडे पाहिलं. ती कमळाच्या पाठीकडे बघत होती.

"राहू दे," देवाजी म्हणाला.

"जमन?"

"ते नको इचारू."

संध्याकाळी रेंगी घराकडे निघाली. देवाजी हाकत होता, अन्नपूर्णा मध्ये, कमळा मागच्या टोकाला. रेंगीत अंथरलेल्या भाताच्या तणसात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज झाला.

"बांगडी पडली का वं?" अन्नपूर्णानं विचारलं.

"नाई," कमळा म्हणाली. "काढली."

थोड्या वेळानं तोच आवाज पुन्हा आला. अन्नपूर्णानं विचारलं नाही. ती पोरीकडे न बघता जरा मागे सरकून बसली. कमळा होती तिथंच राहिली.

घरी बैल सोडले. कमळा बाजूला उभी राहून वाट बघत होती. रेंगी जागेवर लागताच ती वाकून खाली शिरली. देवाजीला वाटलं होतं, आज ती घरात येईल. असं का वाटलं, तेही त्याला सांगता आलं नसतं. मग त्यानं दगड आणले आणि चाकांना लावले.