बोईसरला रोलर घ्यायला: हाय डेन्सिटी, नाय डेन्सिटी

फोम रोलर म्हणजे आखडलेल्या स्नायूंखाली फिरवायचा फोमचा दंडगोल. तो घरबसल्या मागवता येतो, हे मला माहीत आहे. एकदा मागवलाही होता. तो इतका मऊ निघाला की पायाखाली घेतल्यावर उशीसारखा बसला. इकडे पोलीस भरतीची मैदानी चाचणी जवळ आली होती आणि आठशे मीटर धावताना शेवटच्या वळणावर माझी उजवी पोटरी दगडासारखी आवळत होती. पालघरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तपासून सांगितलं, "स्नायू फाटलेला नाही, आखडलाय. धावून झाल्यावर रोज रोलर फिरव. पण आधी पायाखाली घेऊन बघ, मगच विकत घे. त्यावर पाय असताना तुला नीट बोलता आलं पाहिजे. श्वास अडकला तर तो रोलर तुझा नाही."

पालघरच्या दुकानांत विचारलं, नव्हता. म्हणून बोईसर.

आम्ही सातपाटीचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे कुठेही जायचं तर पत्ता, वेळ, परतीची गाडी सगळं दोनदा तपासते. आई सुकी मासळी विकते, बोंबील, सोललेल्या कोलंबीचे सोडे, असं. बोईसरच्या बाजारात तिची कायमची गिऱ्हाइकं आहेत. ती म्हणाली, "मी पन येते. सोड्याची पिशवी देऊन टाकते एका बाईला. तुझा लाटणा पन बघू."

"रोलर, आई."

"गोल हाय ना? मंग लाटणाच."

सातपाटीहून शिरगावमार्गे पालघरला शेअर रिक्षा सकाळपासून मिळते. सकाळी निघालात तर मासेवाल्यांच्या टोपल्यांसकट बसायची तयारी ठेवा. पालघरहून आम्ही एसटी धरली. रस्ता बरा आहे, पण कंपन्यांच्या बसेस आणि ट्रक मागे लागले की गाडी रांगतच जाते. वाटेत कोळगावला सरकारी कार्यालयांच्या नव्या इमारती दिसतात. चाचणीचं मैदान त्याच बाजूला. मी मान दुसरीकडे वळवून बसले. आईने ते बघितलं आणि पिशवीतली चिक्की माझ्या हातात कोंबली.

आता बोईसरला जाणाऱ्यांसाठी महत्त्वाची सूचना. तिथे नुसतं 'रोलर' म्हणू नका.

सोड्याची पिशवी पोचवून आम्ही स्टँडवर आलो. रिक्षावाल्याला मी विचारलं, "भैया, फोम रोलर किधर मिलेगा?" तो म्हणाला, "रोलर? एमआयडीसी में. बैठो, दुकान पे छोडता हूँ." इतक्या खात्रीने म्हणाला की मीही बसले. कापडाच्या गिरण्यांचा वाफाळलेला वास, शिफ्ट सुटलेली माणसं, पाण्याचे टँकर असं बघत आम्ही एका गाळ्यासमोर उतरलो. आत भिंतीला टेकून माणसाच्या उंचीचे काळे रबरी रोलर उभे होते. चष्मा लावलेले एक काका बाहेर आले.

"बोला. कुठल्या मशीनसाठी?"

मी गोंधळून म्हटलं, "पोटरीसाठी."

"पॉटरी? कपबशांची कंपनी का?"

"नाय हो," आई म्हणाली, "मासे सुकवतो आमी."

काका आमच्या दोघींकडे बघत राहिले. मी पाय पुढे करून पोटरी दाखवली, तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी कोपऱ्यातून हातभर लांबीचा एक जुना तुकडा काढून दिला. "हा न्या. पडूनच आहे. पैसे नकोत."

आईचा हात लगेच पुढे झाला. मी अंगठ्याने दाबून पाहिलं, रबर जराही दबेना. नको म्हणणं जिवावर आलं होतं. एवढ्या मायेने देतायत, आपण काय समजतो स्वतःला, असं वाटत होतं. पण चाचणी मला द्यायची होती. म्हटलं, "काका, फार कडक आहे हा. माफ करा."

"कडक हाय म्हनून टिकंल ना," आई कुजबुजली.

"तो टिकेल गं. माझा पाय नाही टिकायचा."

काकांनीच स्टेशनजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानाचा पत्ता दिला. परत येताना एका गाड्यावर लिट्टी-चोखा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत, खाल्ला. बिहारच्या कामगारांमुळे बोईसरला तो मिळतो, एका प्लेटीत दोघींचं पोट भरतं. आई म्हणाली, "आपल्या भाकरीचाच गोळा केलेला हाय. वांगं मात्र चांगलं भाजलंय."

दुकानात तीन रोलर होते. एक पांढरा, एक काळा गुळगुळीत, एक निळा काटेरी. दुकानदार दादाने काटेरीच पुढे केला. "हाच नेतात सगळे. दुखलं की समजायचं, काम करतोय."

आईने खोकं माझ्यासमोर धरलं. "वाच गो, काय लिवलंय."

"हाय डेन्सिटी."

"हाय ना? मंग घे."

"आई, हाय म्हणजे जास्त. जास्त कडक."

"आनि तो पांढरा?"

"तो मऊ."

"म्हनजे नाय डेन्सिटी," आईने निकाल दिला.

मी म्हटलं, "दादा, खाली बसून पायाखाली घेऊन बघते." तो म्हणाला, "ट्रायल नाही ताई. माल खराब होतो."

एरवी मी 'बरं' म्हणून निघाले असते. या वेळी पाय हलेनात. "मग मला घेता येणार नाही," मी म्हटलं.

आईने खांद्यावरचा टॉवेल फरशीवर अंथरला. "दादा, आमी मासा विकतो तवा गिऱ्हाईक कल्ले उचलून बघते. आमी नाय म्हनतो काय? तुजा रोलर काय पापलेटाहून नाजूक हाय?"

दादाने पंखा वाढवला आणि काटेरी रोलर खाली ठेवला. मी बसले. हात मागे टेकून पोटरीचा भार टाकला.

"काय गो, सकाळी काय खाल्लंस?" आईने विचारलं.

दात घट्ट मिटले होते. शब्दच फुटेना.

"मुकी झाली. उचल तो."

पांढऱ्यावर सगळं बोलता आलं, पण पोटरीला काही कळलंच नाही. मग काळा. आखडलेली जागा बरोबर सापडली. दुखलं. थांबले, श्वास सोडला.

"सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे खाल्ले. आणि तू त्यात मीठ जास्त घातलं होतंस."

"हाच बांध दादा," आई म्हणाली. "हिची जीभ चालू झाली."

हजाराच्या आत काम झालं. घ्यायला जाणार असाल तर एवढंच सांगते. पहिला रोलर गुळगुळीत घ्या, फिरवताना गुडघ्यामागची जागा आणि हाडं सोडा, घाई करू नका. आणि प्रश्न विचारणारं कोणीतरी बरोबर न्या.

घरी आता रोज संध्याकाळी आई बोंबील निवडत बसते आणि मी शेजारी पाय फिरवते. ती काहीबाही विचारते, मला उत्तर द्यावं लागतं. चाचणीची भीती वाटते, हेसुद्धा मी तिला तिथेच पहिल्यांदा सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि बोंबील निवडत राहिली.

सातपाटीच्या किनाऱ्यावर होड्या आणि वाळत घातलेली मासळी, म्हणून मी शिरगावला जाऊन धावते. काल आई बरोबर आली. सुरूच्या झाडाखाली उभी राहिली. वाळूत आखलेल्या शेवटच्या वळणावर पोटरी ओढली, पण आवळली नाही. मी न थांबता तिच्यापर्यंत पोचले आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

तिने खांद्यावरचा टॉवेल माझ्या पाठीवर टाकला. मग विचारलं, "काय गो, पोटरीची मशीन काय म्हनते?"

चाचणी अजून व्हायची आहे. पण बोलण्यापुरता श्वास माझ्याकडे होता.

"चालू हाय," मी म्हटलं.