वर राहिलेला हात

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी सांगलीत एका संस्थेच्या कचेरीत नोकरीला होते. संस्था पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात वस्तीशाळा चालवायची. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली तिथे मी एकटीच. त्यामुळे माझा रुबाब असा, की कॉम्प्युटरच्या खोलीत कुणाला चप्पल घालून पाऊल टाकू देत नसे. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्या मे महिन्यात आमचे सचिव पायाला प्लास्टर घालून साताऱ्याला घरी पडले होते. जूनपासून कुठल्या शाळा चालू ठेवायच्या, हे मात्र त्याच आठवड्यात ठरवायचं होतं. मग त्यांच्या मुलाने तिकडे आणि मी इकडे कॉम्प्युटरला कॅमेरा जोडला. बैठक इंटरनेटवरून घ्यायची ठरली. बाकीचे सभासद साताऱ्यात सचिवांच्या भोवती बसणार होते.

आटपाडीकडच्या एका धनगरवाड्याची शाळा बंद करायच्या यादीत होती, कारण पोरं कमी. तिच्या बाजूने बोलायला वाड्यावरचे एक आजोबा पहिल्या एसटीने सांगलीला आले होते. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. सचिव दिसले, नमस्कार झाले. साहेबांचं बोलून झालं की तुम्ही बोला, असं मी आजोबांना बजावलं आणि सगळं झकास चाललंय म्हणून खाली चहा सांगायला गेले. टपरीवर ओळखीची भेटली, तिच्याशी गप्पा झाल्या.

वर आले तर आजोबा मांडीवर हात ठेवून तसेच बसलेले. पडद्यावर सचिवांचं तोंड उघडं आणि उजवा हात वर. तो हात काही हलेना. लाइन केव्हाच तुटली होती, चित्र तेवढं राहिलं होतं. मी घाईघाईने साताऱ्याला फोन लावला. त्यांच्याही पडद्यावर आजोबा नुसते गप्प बसलेले दिसत होते. दोनतीनदा ‘बोला’ म्हणून झालं, उत्तर आलं नाही. तेव्हा यांचं काही म्हणणं नाही असं धरून त्यांनी शाळेवर काट मारली होती.

फोन ठेवला आणि मी आजोबांवर घसरले. एवढ्या लांबून आलात, आणि तोंड का उघडलं नाही? दारात येऊन मला हाक का मारली नाही?

“बाई, सायबांचा हात वर हुता न्हवं,” ते म्हणाले. “आमच्या बैठकीत बोलनाऱ्याचा हात वर हाय तवर दुसरं कुनी बोलत न्हाई. उठत बी न्हाई.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे शहाणपण माझं आणि रिकामी होणार होती त्यांची शाळा. मी पुन्हा फोन केला. मी जागेवर नव्हते, चूक माझी आहे, असं सांगून टाकलं आणि हात वर असेपर्यंत दुसऱ्याने बोलायचं नाही ही आजोबांकडची रीतही सांगितली. सचिव म्हणाले, लाव परत.

चौथ्या खेपेला लाइन लागली. या वेळी मी खुर्ची ओढून आजोबांच्या शेजारीच बसले. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि हात वर धरला.

“दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरतो,” ते सावकाश बोलू लागले. “शाळा हाय म्हनून पोरं म्हातारीपाशी ऱ्हात्यात. शाळा ग्येली तर ती बी मेंढरामागं येतील. आन एकदा मेंढरामागं लागलेलं पोर वहीकडं परत येत न्हाई. मी त्यातलाच हाय.”

एवढं बोलून ते थांबले. डोळे भरले होते, पण हात वरच होता. पलीकडे सचिव थोडे पुढे झुकून बसले होते आणि काहीच बोलत नव्हते. लाइन पुन्हा गेली की काय म्हणून मी पडद्याकडे निरखून पाहिलं. पण त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरताना दिसत होता. मग माझ्या लक्षात आलं. मी आजोबांचा हात मनगटापाशी धरला आणि हळूच खाली घेतला.

तेव्हा कुठे साताऱ्याहून आवाज आला, “शाळा चालू राहील.”