उपास आधी कुणी मोडला

देवी आपलं ऐकते की नाही, अशी शंका मला कधी आली नव्हती. संसारात बरं-वाईट पुष्कळ पाहिलं, तरी आली नव्हती. त्या मार्गशीर्षातल्या मंगळवारी सकाळी मात्र आली, आणि तीही एका ड्रायव्हरवरून.

आम्ही झरीचे. गंगाखेडच्या पुढं गोदावरीच्या काठी आमच्या देवीचं ठाणं आहे. माझी सून कल्याणी बाळंतपणात फार अवघडली होती. रक्तदाब इतका चढला, की डॉक्टर आमच्याकडं बघायचंच टाळू लागले. दवाखान्याच्या त्या बाकावर बसून मी नवस बोलले, "आई, माझ्या सुनेला आणि लेकराला सुखरूप घरी आण. पाण्याचा थेंबही न घेता तुझ्या पायरीला येईन आणि तुझी ओटी भरीन." शेजारी कल्याणीची आई बसली होती. म्हणजे माझ्या विहीणबाई, ताडकळसच्या. त्यांनी माझ्याकडं तिरकं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मी बी. मी बी पाणी न घेता." नवसातसुद्धा माझ्यापेक्षा रेसभर कमी पडायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. माझा स्वभाव कसा, ते पुढं कळेलच.

देवीनं ऐकलं. नात झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. पोर सहा महिन्यांची झाल्यावर नवस फेडायचा, तर आदल्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन, सुट्टी मिळत नाही. गावातला भाड्याचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला. मंगळवारी सकाळी मी देव्हाऱ्यापुढं बसून विनवू लागले, "आई, एखादा पुरुष माणूस पाठव." तेवढ्यात मागून कल्याणी म्हणाली, "अहो आई, मी चालवते की गाडी."

कल्याणी शाळेत शिक्षिका आहे. गाडी शिकल्याचं मला माहीत होतं, पण ते शिकणं शाळेपर्यंत जाण्यापुरतं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मी यांच्याकडं पाहिलं. वाटलं, हे तरी नाही म्हणतील. ज्या माणसानं आयुष्यात हातानं माठातलं पाणी घेतलं नाही, तो माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे तिला. पोरीकडं मी बघतो." देवीनं माझ्या घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच सकाळी फिरवली, असं मला वाटलं.

विहीणबाई आदल्या रात्रीच येऊन मुक्कामाला होत्या. आम्ही दोघी मागं बसलो, कल्याणी पुढं. परभणी मागं पडेपर्यंत मी डोळे मिटून नामस्मरण केलं. त्यात भक्ती किती आणि भीती किती, ते देवीलाच ठाऊक. विहीणबाई मात्र लेकीच्या कौतुकानं फुलल्या होत्या. "बघा, कशी चालवायलीय! आमच्याकडचं वळण हाय ते." मध्येच मी ओठांवरून जीभ फिरवली, तर लगेच, "तहान लागली का? घ्या की घोटभर, देवी काय म्हणंल?" मी म्हणाले, "मला नाही लागली. तुम्हाला लागली असंल तर घ्या." असं करत आमची भक्ती चालली होती. विहीणबाईंना साखरेचा आजार आहे. सकाळची गोळी त्यांनी घेतली होती, आणि पाण्याचा नवस म्हणून ती कोरडीच गिळली होती. हे मला त्यांनीच अभिमानानं सांगितलं.

दैठणा मागं पडलं. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागले. विहीणबाई खिडकीला डोकं टेकून होत्या. मग एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या हातच्या येसराच्या आमटीला तोड न्हाई."

मी दचकले. पोरांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईनं माझ्या हातच्या कशालाच बरं म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडं पाहिलं, तर कपाळावरून घामाच्या धारा, हात गार, नजर भलतीकडंच. मी ओरडले, "कल्याणी, गाडी थांबव! तुझी आई माझं कौतुक करायलीय!"

कल्याणीनं गाडी कडेला घेतली. आईकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "साखर उतरलीय. गोड काही आहे का?" नव्हतं. नारळ होता, खण होता, हळद-कुंकू होतं. पेढे देवळापाशी मिळतात म्हणून घेतले नव्हते. कल्याणीच्या डब्यात मेथीचे पराठे, ते कोरड्या तोंडात कसे घालणार? मी रस्त्याकडं तोंड करून हात जोडले. "आई, आता तरी एखादा पुरुष माणूस पाठव."

या खेपेला देवीनं तत्काळ ऐकलं. एक सोडून दोन पाठवले, मोटारसायकलवर. एकानं आत डोकावून विचारलं, "बाई चालवायली व्हय गाडी? मंग असंच व्हायचं." दुसऱ्यानं न विचारता बॉनेट उघडलं. कल्याणी म्हणाली, "भाऊ, गाडीला काही झालं नाही, माझ्या आईला बरं नाही. खिशात काही गोड आहे का?" तो आत वाकूनच म्हणाला, "ताई, क्लच प्लेट गेली असंल." गोड काही नव्हतंच, तंबाखू होती. "पुढनं कुणाला तरी धाडतो," म्हणून ते निघून गेले. त्यांना मी दोष देत नाही. मी पुरुष मागितले होते, तेवढेच आले.

तेवढ्यात उसाचा एक ट्रॅक्टर आमच्यामागं येऊन थांबला. ड्रायव्हरशेजारी बसलेली बाई खाली उतरली. ऊसतोडीवरची असावी. लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला कोयता. "काय झालं, माय?" कल्याणीनं दोन शब्दांत सांगितलं. बाई परत फिरली आणि कापडात गुंडाळलेली बाटली घेऊन आली. "चहा हाय. गार झालाय, पर साकर दाबून हाय."

कल्याणीनं बाटली आईच्या तोंडाला लावली. विहीणबाईंनी दात घट्ट मिटले. शुद्ध अर्धी गेली होती, हट्ट मात्र पुरा शिल्लक होता. "दर्शन... झाल्याबिगर न्हाई."

"आई, असं करू नको, पी!"

त्यांनी बोट माझ्याकडं केलं. "ह्या... प्याल्या का?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. ती ऊसतोडीवाली बाईसुद्धा.

तो क्षण मला आजही विसरता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हसू येईल, मला येत नव्हतं. त्या नवसानं माझी सून वाचली, असं मी धरून चालले होते. देवीच्या दारात पोचायच्या आधीच तो मोडला आणि लेकराला काही झालं तर? दुसऱ्या बाजूला ही बाई माझ्या डोळ्यांसमोर विझत चालली होती. आणि खरं सांगते, या सगळ्याच्या तळाशी आणखी एक क्षुद्र विचार होता: मी आधी मोडला, तर ही जन्मभर ऐकवील.

"अहो आई, प्या," कल्याणी म्हणाली. आजवर तिनं मला कधी हुकूम केला नव्हता. तिचा आवाज वर चढला नव्हता, पण मला नाही म्हणता आलं नाही. मी मनात म्हटलं, आई, तुझं तू बघ, माझ्या हातात काही नाही. आणि बाटली तोंडाला लावली. तो गार, पाकासारखा गोड चहा घशाखाली उतरला, आणि मनावरचं काहीतरी त्याच्याबरोबर उतरून गेलं.

विहीणबाई एक डोळा किलकिला करून बघत होत्या. "प्याल्या?"

"प्याले हो बाई. सगळ्यांदेखत मोडला."

मग त्यांनी तोंड उघडलं. घोट घोट करत बाटली रिकामी केली. थोड्या वेळानं घाम थांबला, नजर जागेवर आली. माझ्याकडं पाहून त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आधी तुमी मोडला, ध्यानात ठेवा." मी देवीला हात जोडले. विहीणबाई बऱ्या झाल्या होत्या.

त्या बाईला काय द्यावं, ते सुचेना. तिनं काही घेतलंही नाही. "कुठं निघालाव?" म्हणाली. देवीला म्हटल्यावर ती हसली. "मंग माजा बी नमस्कार सांगा. आमाला कारखाना गाठायचाय." आणि ट्रॅक्टरवर चढून गेली. नाव विचारायचं राहिलं. विहीणबाई आजही म्हणतात, ती देवीच होती, कमरेला शस्त्र पाहिलं नाही का तुमी? कल्याणी म्हणते, ऊस तोडणाऱ्या बाईजवळ कोयता असणारच. मी दोघींनाही हो म्हणते.

कल्याणीनं ऐकलं नाही, आधी गंगाखेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी साखर तपासली, आम्हा दोघींना शाळेतल्या पोरींसारखं झापलं आणि खायला लावलं. दवाखान्याच्या दारात गाडीतच बसून आम्ही मेथीचे पराठे खाल्ले. तिथंच यांचा फोन आला. आवाज भिजलेला. "अगं, ही रडायली, म्हणून मी गाणं म्हटलं. तर आणखीच रडायली. मंग मलाच रडू आलं, तशी ही हसायला लागली." मागून नातीचं खिदळणं ऐकू येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

भरल्या पोटानं देवीसमोर उभी राहिले. वाटलं होतं, लाज वाटेल. वाटली नाही. शेंदरात माखलेला तो शांत चेहरा नेहमीसारखाच माझ्याकडं पाहत होता. मी ओटी भरली, ऊसतोडीवाल्या बाईचा नमस्कार सांगितला आणि मागायला गेले, तर काही सुचेना. आजवर मी देवीला काय द्यायचं ते सांगायचे, कुणाच्या हातून द्यायचं तेही सांगायचे, आणि या सगळ्याला भक्ती म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्यापुढं नुसती उभी राहिले.

पायऱ्या उतरून आलो, तर कल्याणी गाडीच्या दाराशी पाठमोरी उभी. किल्ली कुलपात जाईना. जवळ गेले, तेव्हा दिसलं, तिचे हात थरथरत होते. दिवसभर जे धरून ठेवलं होतं, ते आता सुटलं होतं. न वळताच ती म्हणाली, "आई गं..."

"काय गं?" आम्ही दोघी एकदमच बोललो.

मला ती नेहमी 'अहो आई' म्हणते, नुसतं 'आई' म्हणते ती विहीणबाईंना. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. हाक कुणाला होती, ते दोघींनीही विचारलं नाही. तिला मागच्या सीटवर मधे बसवलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं विहीणबाई. तिचे हात आमच्या हातांत शांत होईपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो. समोर गोदामाई संथ वाहत होती, आणि घरी जायची मला मुळीच घाई नव्हती.