दुबईची डाळ

मुकादमबाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. दोन्ही हातांत भरगच्च हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या वाजल्या की अकोल्याच्या दालमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या आम्ही बाया गप्पा सोडून सुपात बघायचो.

मी कुणाशी बोलत नसे. पहिल्याच दिवशी एकीनं मला मुकी म्हटलं, तर बाई तिच्यावर उखडल्या, "मुकी नाही ते. तुह्यासारखी तोंडानं डाळ निवडत नाही." तेव्हापासून मी त्यांच्याशेजारीच बसायचे.

मग डाळ दुबईला पाठवायचं ठरलं. तिकडचा माणूस मिल बघून गेला आणि शेठनी सांगितलं, काचेच्या बांगड्या चालणार नाहीत, तुकडा डाळीत पडेल. बाया चिडल्या. नवरा असताना हात मोकळे करायचे? एक म्हणाली, "शेठले म्हणा, आंधी आपल्या बायकोच्या काढ." बाई फाटकाशी उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. "माह्या बुढ्याले काही होत नाही. काढा गं. माल भाईर गेला तं आपलं काम पक्कं होईन." त्यांच्या शब्दावर आम्ही सगळ्यांनी काढल्या.

माल गेला, मागणी वाढली. शेठ येईल त्याला सांगत, "एक्स्पोर्टनं मिलला शिस्त लावली, कामाला वेग आला." बाई सुपामागून पुटपुटत, "डाळ आंधीच चांगली व्हती, म्हणून तं गेली. आता शेठ म्हणते, गेली म्हणून चांगली झाली."

त्याच कमाईतून शेठनी मशीन आणलं. खडा, काळा दाणा रंगावरून ओळखून बाजूला उडवणारं. आम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणाले. बाया शेठला काही बोलल्या नाहीत, बाईंवर तुटून पडल्या. "तुह्या नादानं हात उघडे केले आमी!" मीही गप्पच राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मध्यंतरी त्यांच्या घरी गेले. बुढा ओसरीत धडधाकट बसला होता. बाईंचे हात मात्र अजून उघडेच. पुढ्यातल्या परातीत आमच्याच मिलची डाळ होती, जठारपेठेतल्या दुकानातून विकत आणलेली. पाकिटावर 'एक्स्पोर्ट क्वालिटी' छापलेलं.

"काय पाहून राहिल्या?" मी विचारलं.

"खडा."

मी शेजारी बसले. पूर्वीसारखंच दोघींनी मिळून सगळं पाकीट निवडलं. एकही खडा नव्हता. बाईंनी परातीवर पुन्हा एकदा हात फिरवला. आवाज झाला नाही.

"एक तं निघायले पायजे व्हता गं," त्या म्हणाल्या.