मिरची कांडायला मी कवठे महांकाळला गेले

दादा म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या." मी म्हटलं, झालाय तर झालाय!

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. लग्न केलेलं नव्हतं. पुण्यात एका मसाल्याच्या कंपनीत पंधरा-सोळा वर्षं मालाच्या तपासणीचं काम केलं. रंग बघायचा, वास घ्यायचा, चिमूट जिभेवर ठेवायची आणि माल पास की नापास ते सांगायचं. मग कंपनीने कारखाना गुजरातला हलवला. यायचं तर चला, म्हणाले. मी नाही म्हटलं. दादाला वाटलं, आता ही वाईला येईल, आमच्या घरात वरच्या खोलीत राहील, वहिनीच्या हाताखाली काम करील, संध्याकाळी गणपतीला जाऊन येईल. गुणी बहीण! मला नुसत्या विचारानंच गुदमरायला झालं. भाऊ वाईट नाही माझा. पण त्याच्या घरात राहायचं म्हणजे चहासुद्धा विचारून करायचा, आणि ते मी मेले तरी करणार नव्हते.

मला मिरची कांडपाचं मशीन टाकायचं होतं, स्वतःचं. आमच्या सातारा-सांगलीकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, मसाला भाजायचा, लसूण सोलायचा आणि सगळं कांडपावर नेऊन कांडून आणायचं. शिमगा झाला की सुरू, पाऊस पडायच्या आत खलास. वर्षाचा धंदा तेवढ्यातच व्हायचा.

आता गाव कुठलं? वाईत राहिले असते तर जन्मभर अमक्यांची मुलगी आणि तमक्यांची बहीण. सांगलीत गल्लोगल्ली कांडप. माधवनगरला एक गाळा आवडला, तर शेजारीच मशीन धडधडत होतं. मग एक दिवस एसटीने कवठे महांकाळला उतरले. तालुक्याचं गाव, भोवती कोरडवाहू रानं, ऊन असं की मिरची दोन दिवसांत कुडकुडीत. आणि स्टँडवर बघते तर बायका मिरचीच्या पिशव्या घेऊन सांगलीच्या गाडीची वाट बघत उभ्या! गावातलं कांडप बंद पडलं होतं म्हणे. हेच गाव, म्हटलं. तिथं ओळखीचं एक माणूस नव्हतं. मला तेच तर हवं होतं.

दादाने शेवटचं सांगितलं, "या उन्हाळ्यात नाही चाललं तर मुकाट्यानं वाईला यायचं. कबूल?" साठवलेलं सगळं मी त्या मशीनमध्ये घातलं होतं. बुडाले असते तर दुसरं दार कुठलं होतं मला? कबूल म्हटलं.

गाळा आणि मागची खोली एका बाईंची होती. वय साठीचं, थोडी जमीन, दोन्ही मुलगे मिलिटरीत. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. गाळा मी असा केला की बघत राहावं. पांढऱ्या फरशा, मशीनला वेगळी काचेची खोली, बाहेर काउंटर, डोक्याला टोपी, हातात मोजे. दारावर पाटी लावली: माल ठेवून जा, उद्या घेऊन जा. आत प्रवेश नाही. पुण्यात शिकलेलं सगळं शहाणपण तिथं ओतलं.

शिमगा झाला. एक बाई आली, पाटी वाचली, पिशवी काखेत घट्ट धरली आणि गेली. दुसरी काचेतून डोकावली. "आत बसाय न्हाई व्हय?" म्हणाली. "नाही, स्वच्छतेचा नियम आहे," मी म्हटलं. तीही गेली. पंधरा दिवस हेच. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. एक दिवसाआड दादाचा फोन, "काय, चाललंय का?" मी म्हणायची, "मान वर करायला फुरसत नाही!" धडधडीत खोटं.

आणि एका सकाळी आक्का, माझी घरमालकीण, माझ्याच गाळ्यासमोरून मिरचीची पिशवी घेऊन स्टँडकडे निघाल्या! अंगाचा नुसता तिळपापड झाला. धावत जाऊन रस्त्यातच गाठलं.

"आक्का, मी काय मेले का इथं?"

"आवं ताई, रागावू नगा. मशीन तुमचं लय झ्याक हाय. पर आपली चटनी कोन सोडून जातंय व्हय?"

"म्हणजे? मी तुमची मिरची बदलीन?"

"तसं न्हवं वो. चला तुमी माज्यासंगं. बगा तर."

तणतणतच गाडीत बसले. सांगलीतलं ते कांडप म्हणजे एक लहानशी अंधारी खोली, भिंतीसुद्धा तिखटानं लाल. दहा-बारा बायका उपड्या डब्यांवर बसलेल्या, नाकाला पदर, शिंका आणि खोकल्याचा नुसता गजर. पण एकही जागची हलत नव्हती. आक्कांचा नंबर लागला तशा त्या मशीनला लागून उकिडव्या बसल्या. अजून एकदा चाळ, मसाला आता टाक, मीठ थांब, सगळं त्याच सांगत होत्या. मशीनवाला तसंतसं करत होता. शेवटी उखळाचा तळ त्यांनी बोटांनी पुसून घेतला, चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मग मान हलवली.

मी बघतच राहिले. पास की नापास! जे मी इतकी वर्षं पगार घेऊन केलं, ते ही बाई फुकट करत होती, आणि माझ्यापेक्षा जास्त जीव ओतून.

परतीच्या गाडीत आक्का म्हणाल्या, "चटनी बिगाडली तर वरीसभर घर बोलतंय, ताई. पोरं सुट्टीवर आली की पयला घास खाऊन माज्या तोंडाकडं बगत्यात. तवा काय सांगू? मशीनवाल्या बाईला इचारा म्हनू?"

कप्पाळ माझं! जिला वर्षभर जाब द्यायचा, तिलाच मी बाहेर उभी केली होती. वर पाटी लावून.

दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला आणि काचेची खोली काढून टाकली. पाटी मी स्वतःच्या हाताने उपटली. मशीनभोवती बाकडी टाकली. टोपीवर मात्र अडून बसले. आत बसा, हुकूम सोडा, पण डोकं झाकल्याशिवाय मशीनजवळ नाही म्हणजे नाही. बायका एकमेकींना टोप्यांत बघून पोट धरून हसल्या आणि मग घालू लागल्या. आक्का घरोघर सांगून आल्या. आठवड्याभरात पिशव्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. आता मान वर करायला खरंच फुरसत नव्हती, आणि दादाला ते खोटं वाटत होतं.

म्हणून तो न कळवता आला. भर दुपारी, दोन गाड्या बदलून. दारात उभा राहून बघत होता. मी डोक्यापासून पायापर्यंत लाल, भोवती शिंकणाऱ्या बायका. मशीनमध्ये एका नव्या लग्नाच्या मुलीच्या चटणीचा घाणा होता. सासू गेलेली, घरात दुसरी बाई नाही, पहिल्यांदाच एकटीनं करत होती.

"बाहेर ये. बोलायचंय."

"थांब दादा, घाणा चालू आहे."

"लोकांच्या मिरच्या कुटायला शिकवलं का तुला बाबांनी? चालो नाहीतर न चालो, मला हे बघवत नाही. आत्ताच्या आत्ता चल. नाहीतर पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

मशीनच्या आवाजात मला ओरडावं लागलं, सगळ्यांनी ऐकलं. "ठरलं होतं की नाही चाललं तर येईन. चाललंय! मी येणार नाही, दादा. आत्ता नाही आणि नंतरही नाही."

तो वळला आणि स्टँडकडे चालू लागला. आक्का जवळ आल्या. "जावा ताई, सख्खा भाऊ हाय. घाना मी बगती."

मला जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यानेच मला सायकल शिकवली होती, बाबा गेले तेव्हा त्यानेच मला जवळ घेतलं होतं. पण ती मुलगी सोललेल्या लसणाचं पातेलं हातात धरून माझ्याकडे बघत उभी होती, आणि मी गेले असते तर परत आले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उठले नाही. रडू फुटलं, सगळ्यांसमोर फुटलं, आणि ते तिखटानं नव्हतं. तशीच रडत तिला म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? लसूण टाक."