मिश्रीचा रकाना

माघातली दुपार कलली की जनवाड्याच्या घराघरांतून तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास उठतो. कडवट, दाट, कलत्या उन्हाबरोबर अंगणभर रेंगाळणारा आणि मग घशाशी ठाण मांडणारा. काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, की झाली मिश्री. त्या वासात मी जन्मले, वाढले, आणि तरीही तोंडाच्या कर्करोगाची कारणं शोधणाऱ्या पाहणीचे कागद घेऊन दारोदार हिंडताना कितीतरी दिवस तो माझ्या ध्यानातच आला नाही. धन्य माझी!

‘तंबाखू खाता का?’ असा छापील प्रश्न. बायका न्हाई म्हणायच्या, मी ‘नाही’ लिहायची. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तंबाखू गडीमाणसं खातात. मिश्रीनं तर दात घासतात, आणि दात घासण्याला व्यसन कोण म्हणेल?

माझ्या सख्ख्या अक्कानंही न्हाईच सांगितलं होतं. परवा तिचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. आत गालाला पांढरा चट्टा. बिदरच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवलाय, निकाल यायचा आहे. आणि माझ्याच अक्षरात लिहिलेलं, की हिला तंबाखू ठाऊक नाही! संताप आला, स्वतःचाच.

पाहणीच्या साहेबांना सांगितलं. प्रश्न मध्येच बदलला तर सगळी पाहणी नासेल, म्हणाले. म्हटलं, ती नासलेलीच आहे; पहिल्या घरापासून पुन्हा विचारते, माझ्याच पायांनी हिंडून. कामावरून काढायचं तर खुशाल काढा. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी पट्टी घेऊन कागदाकागदावर मिश्रीचा रकाना आखला आणि चालू लागले.

अक्काच्या दाराशी मात्र पाय अडला. विचारलं, का विचारते तेही सांगितलं. वाळत घातलेली तूर ती हातानं सारखी करू लागली.

“म्हंजे म्याच माज्या हातानं केलं व्हय हे?”

साहेबांपुढे चढलेला आवाज मी खाली आणला. कारण शोधायला निघालेली मी तिला गुन्हेगार शोधणारी वाटावी, हे मला सोसवेना. म्हटलं, “न्हाई अक्का. तुला कुणी सांगितलंच न्हाई. त्याच्यासाठीच तर इचारायलोय आमी.”

 आतल्या खोलीकडे मान वळवून ती म्हणाली, “मग आदी सुनंला इचार. तिला म्याच शिकविलंय.”

सून बाहेर आली, मिश्रीनं काळं झालेलं बोट पदरात लपवत. मी सरकून तिला जागा केली, पेन खाली ठेवलं, आणि लिहिण्याआधी तिच्याशी बोलू लागले.