चौदा नंबरचं गाव

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साचतात. तपासलेल्या कागदांचे गठ्ठे अन् किस्से. गठ्ठे बांधून कपाटात जातात, किस्से मात्र चहाच्या ठेल्यावर पडून असतात. विद्यापीठाच्या साक्षरता संशोधन प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं काढली. काम एकच. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शाळेशाळेत जायचं, पोराच्या हातात कागद द्यायचा, घड्याळ लावायचं अन् एका मिनिटात त्याने किती शब्द वाचले ते लिहायचं. दर अकरा महिन्यांनी नोकरी संपते, मग नवीन ऑर्डरची वाट पाहायची. थकलो बाप्पा. पण तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो.

*

आमच्या प्रमुख मॅडम कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "चेहरा कोरा ठेवायचा. मूल बरोबर वाचो की चूक, तुमच्या तोंडावर काही दिसता कामा नये. तीन सेकंद अडलं तर फक्त 'पुढे' म्हणायचं. बाकी एक अक्षर बोलायचं नाही."

आमच्या टीममध्ये हे सगळ्यात चांगलं जमलं रुखसानाला. ती भद्रावतीची, वडलांचं शिलाईचं दुकान. एकदा तिला पाहायला पाहुणे आले. मुलगा बिचारा घाबरलेला. "मैं नागपूर में..." एवढं म्हणाला अन् अडकला. रुखसानाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, तोंडावरची माशी हलू न देता तीन सेकंद थांबली अन् म्हणाली, "आगे."

स्थळ गेलं. सोमवारी आम्ही सगळे हळहळत बसलो, तर तीच आमची समजूत काढते, "जाऊ द्या ना दिवाकरभाऊ. मिनिटाले वीस शब्दाचाच होता."

*

आता हे चौदा नंबर काय, ते सांगतो. गावाचं नाव सांगायची आम्हाला परवानगी नाही, म्हणून नंबर. अर्ध्या गावांना प्रयोगशाळेकडून पुस्तकं अन् वाचायला शिकवणारा माणूस मिळायचा. उरलेल्या अर्ध्यांना काहीच द्यायचं नाही, नुसतं तपासायचं. दोन्हींतला फरक दिसला तर आपलं शिकवणं उपयोगाचं, असा हिशोब. चौदा नंबर हे काहीच न द्यायचं गाव. तिथे आमच्यापैकी कोणी एक अक्षर जरी शिकवलं तर अख्खा अभ्यास पाण्यात, अन् त्याच्यासोबत आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या.

तिथे सुमन नावाची दुसरीतली पोरगी माझ्यासमोर बसली. पहिल्याच शब्दावर तिने बोट ठेवलं अन् विचारलं, "भाऊ, हे काय हाय?"

मी चेहरा कोरा ठेवला. म्हटलं, "पुढे."

ती पुढच्या शब्दावर गेली. "अन् हे?"

"पुढे."

असं तिने पूर्ण मिनिट विचारलं अन् पूर्ण मिनिट मी तिला पुढे ढकललं. शेवटी कागद माझ्या हातात देऊन ती उठली. दारात तिची आई उभी होती. धान कापायचं सोडून आली होती. म्हणाली, "तुमी येता, इचारता, लिहिता, अन् निंगून जाता. शिकवत काऊन नाई?"

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी डबा तसाच खोलीवर परत नेला.

*

माजरीकडच्या एका शाळेत आम्ही पोरांना व्हरांड्यात एकेक करून बोलवत होतो, बाकीची खिडकीला लागून ऐकत उभी. बकरीची गोष्ट होती. दहाव्या-बाराव्या पोरापर्यंत वाचन असं सुधारत गेलं की मी खूश. शेवटचं पोरगं तर कमालच, न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून, बकरी घरी येईपर्यंत सगळं वाचलं. शाबासकी द्यायचीच बाकी होती.

आमच्या जीपचे ड्रायव्हर मारोतीभाऊ मागून वाकले अन् हळूच म्हणाले, "सर, तुमी त्याच्या हाती शाळेच्या हजेरीचा कागद देल्ला."

*

गोष्टीखाली प्रश्न असायचे. एका गोष्टीतल्या पोराला वाटेत वाघ दिसतो. प्रश्न: त्याने काय करावं? आमच्याकडे उत्तर छापून आलेलं: धावत घरी जावं.

तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "पळाचं नाई सर. पाठ नाई दाखवाची. त्याच्याकडं पाहत हळूहळू मांग सराचं."

छापील उत्तराशी जुळलं नाही. शून्य दिलं. नियम म्हणजे नियम.

परतताना जंगलात जीप पंक्चर झाली. ऊन उतरलं होतं. मॅडम पाय मोकळे करायला पंधरा-वीस पावलं पुढे गेल्या, अन् वळणावर वाघ. रस्त्यात आडवा बसलेला, घरच्यासारखा. मॅडमनी पर्स छातीशी धरली अन् पळायच्या बेतात वळल्या. मारोतीभाऊ हातातला जॅक तसाच धरून दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पळाचं नाई. पोरीनं सांगतलं तसं करा."

मॅडम एकेक पाऊल मागे सरत जीपपर्यंत आल्या. वाघ जांभई देऊन झाडीत गेला. चाक बदलून जीप निघाली, तेव्हा मॅडमनी विचारलं, "त्या मुलीला किती दिलेत आपण?"

"शून्य, मॅडम."



*

दुसऱ्या फेरीला सुमन तिसरीत होती. अजून तिथेच, पहिल्या शब्दावर. या वेळी तिने काही विचारलंही नाही. गप बसून राहिली, मी 'पुढे' म्हणायची वाट पाहत. ते मला जास्त लागलं.

आता तुमच्यापासून काय लपवू? शनिवारी मी आरमोरीला घरी जातो. त्या वर्षी वाट वाकडी करून चौदा नंबरवरून जायला लागलो. दोन तास सुमनला अन् तिच्याभोवती जमतील त्या पोरांना शिकवायचं. कोणाला सांगितलं नाही. रुखसानाचं लग्न ठरत होतं, तिला नोकरी पाहिजे होती. मारोतीभाऊंच्या पोरीची बारावी. माझ्या एकट्याच्या पापामुळे हे सगळे बुडतील, या धाकाने मला धड जेवण जात नव्हतं. तरी शनिवार चुकवला नाही.

*

तिसऱ्या फेरीचे आकडे आले. शिकवलेली सगळी गावं मागे, अन् काहीच न दिलेलं चौदा नंबर सगळ्यांच्या पुढे.

पैसा देणाऱ्या संस्थेचे एक साहेब विमानाने नागपूरला उतरले, तिथून गाडीने आमच्याकडे. म्हणाले, "त्या गावात कोणीतरी शिकवलं आहे. मला स्वतः पाहायचंय."

मॅडम म्हणाल्या, "रस्ता फार खराब आहे."

"चालेल."

"शाळेला सुट्टी असेल."

"घरी भेटू."

बुधवारी आम्ही निघालो. जीपमध्ये कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मला वाटलं, माझ्या शनिवारांचा वास यांना लागला. गावात पोचलो. साहेब उतरले, मी सीटखाली पेन शोधायला लागलो. रुखसानाने ओढणी नाकापर्यंत ओढली अन् पाठ करून बसली. मारोतीभाऊंनी बोनेट उघडून आत डोकं घातलं, गाडीला काहीही झालेलं नसताना. मॅडम फोन कानाला लावून मोहाच्या झाडामागे गेल्या. त्या गावात रेंज येत नाही.

सुमन आली. साहेबांनी बॅगेतून कागद काढून दिला, तिने तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मी सीटखालूनच ऐकलं. डोळे भरून आले, अन् पेन हाती लागलं होतं तरी शोधतच राहिलो.

साहेबांनी विचारलं, "कोणी शिकवलं तुला?"

सुमनने जीपकडे पाहिलं, बोनेटकडे पाहिलं अन् बोटं मोजायला लागली.

"गुरुवारी ताई. शनिवारी भाऊ. मारोतीभाऊ इकडून गाडी गेली का थांबते." मग तिने झाडाकडे हात केला. "अन् त्या झाडामांगच्या बाईचा रविवार असते."